बिनव्हिसाचे बेट आणि आपांची निळी फाइल

29 जून 2024 च्या रात्री भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. त्या रात्री आमच्या गल्लीतल्या पोराटोरांना बार्बाडोस हे नाव पाठ झाले. ब्रिजटाऊन, केन्सिंग्टन ओव्हल, मग बेरिल नावाचे वादळ आणि विमानतळ बंद पडल्यामुळे तिथेच अडकून बसलेली आपली टीम. हे सगळे आठवडाभर दूध बाजारातल्या चहाच्या टपरीवर चघळले गेले. त्याच हिवाळ्यात आमच्या भाचीचे लग्न बार्बाडोसच्या मुलाशी ठरेल, असे तेव्हा कुणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो.

मुलाचे आजोबा सुरतेकडचे. बार्बाडोसमधले बरेचसे मुसलमान मूळचे सुरत भागातले आहेत. त्यांचे वाडवडील गेल्या शतकात तिकडे गेले आणि सायकलवर कापडाचे गठ्ठे लादून दारोदार विकत तिथेच स्थिरावले. ब्रिजटाऊनमध्ये केन्सिंग्टन न्यू रोडवर त्यांची जुमा मशीद आहे. घराणे चांगले, मुलगा नेक. निकाह नाशिकला झाला आणि भाची साता समुद्रापार गेली.

पुढच्या वर्षी गोड बातमी आली. ऑक्टोबर अखेरची तारीख. पहिले बाळंतपण म्हटले की आई हवी. आमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे भाचीच्या अम्मीने, त्याच दिवशी ट्रंक उघडून जुन्या सुती साड्या काढल्या आणि दुपटी शिवायला घेतली. आम्ही भावंडे तिला आपा म्हणतो. वय एकसष्ट. दुल्हेभाईंना जाऊन सहा वर्षे झाली. उर्दू शाळेत एकतीस वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या आपा कशालाच घाबरत नाहीत. पण त्यांचा परदेश प्रवास म्हणजे एकच, उमरा. तोही ग्रुपबरोबर.

इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण पुढचे सगळे रामायण तिच्यामुळे घडले. आपल्या घरांत परदेश प्रवास दोन वाटांनी येतो. एक हज-उमऱ्याची वाट, दुसरी आखाती नोकरीची. दोन्हींत कागदपत्रे दुसरा कुणीतरी करतो. आपण पासपोर्ट आणि फोटो देतो, पैसे देतो, ठरलेल्या दिवशी विमानतळावर उभे राहतो. व्हिसा हाती आला म्हणजे झाले, हा आपला हिशेब. म्हणून एजंटने जेव्हा "बार्बाडोसला भारतीयांना व्हिसाच लागत नाही" असे सांगितले, तेव्हा आम्हाला वाटले की सगळ्यात अवघड काम आपोआप सुटले. कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही घरातले शिकलेले.

एजंट खोटे बोलला नव्हता. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसमध्ये नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते. दोन्ही देश कॉमनवेल्थमधले. जी बेटे पूर्वी इंग्रजांच्या ताब्यात होती त्यांतल्या बऱ्याच बेटांचे दार भारतीयांना असेच उघडे आहे. प्रश्न बेटाच्या दाराचा नव्हताच. बेटापर्यंत पोहोचण्याच्या रस्त्याचा होता.

भारतातून बार्बाडोसला सरळ विमान नाही. वाटेत कुठेतरी विमान बदलावे लागते, आणि सोयीची वाट लंडनवरून जाते. आपांचे तिकीट स्वस्तात बसावे म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती. मुंबईहून हीथ्रो, आणि दुसऱ्या दिवशी गॅटविकहून ब्रिजटाऊन. हीथ्रो आणि गॅटविक हे लंडनचे दोन वेगळे विमानतळ आहेत, एकमेकांपासून कितीतरी मैल दूर. हे आम्हाला ठाऊक नव्हते. दोन्हीकडे 'लंडन' लिहिले होते, आम्ही लंडन वाचले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही रात्री गाडी करून कसारा घाटातून मुंबईला गेलो. दोन मोठ्या बॅगा. डिंकाचे लाडू, सुंठ, दुपटी, बाळाच्या टोप्या. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मशीनवर ठेवला, स्क्रीनकडे पाहिले आणि विचारले, "आंटी, यूकेचा व्हिसा?"

आपा म्हणाल्या, "बेटा, मला लंडनला जायचेच नाही."

त्या मुलीने फार अदबीने समजावले. वरिष्ठांना बोलावले. त्यांनीही पुन्हा स्क्रीन पाहिली. पण उत्तर बदलले नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याला लंडनमध्ये नुसते विमान बदलायचे असले तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. आपांना तर एका विमानतळातून बाहेर पडून दुसऱ्यावर जायचे होते, मध्ये रात्र काढायची होती. विमान आपांना न घेता गेले. पहाटे परत येताना इगतपुरीला गाडी थांबवून फजर पढली. आपा रडल्या नाहीत. मागच्या सीटवर लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एवढेच आठवते. गॅटविकच्या तिकिटाचे पैसे बुडाले.

त्या रात्री आम्हाला काउंटरवरच्या मुलीचा राग आला होता. आता येत नाही. ज्याची कागदपत्रे अपुरी आहेत असा प्रवासी विमान कंपनीने नेला, तर त्याला स्वतःच्या खर्चाने परत आणावे लागते आणि वर दंडही बसू शकतो. म्हणून व्हिसाची पहिली खरी तपासणी बेटावर होत नाही, मुंबईच्या काउंटरवर होते. तिथे 'पण बार्बाडोसला व्हिसा लागत नाही हो' या वाक्याला काही किंमत नाही.

यानंतरचे चार आठवडे आम्ही जे शिकलो ते इथे जरा विस्ताराने लिहितो. आमच्या ओळखीतच आणखी तीन घरे अशी आहेत की ज्यांच्या लेकीसुना किंवा मुले त्या बाजूला आहेत.

ब्रिटनचे ट्रान्झिट व्हिसे दोन प्रकारचे असतात. एक, विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलणाऱ्यांसाठी. म्हणजे तुम्ही त्यांच्या इमिग्रेशनची रेषा ओलांडत नाही, सामान थेट पुढच्या विमानात जाते, आणि चोवीस तासांच्या आत तुम्ही तिथून उडता. दुसरा, इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावे लागणाऱ्यांसाठी. त्यात अठ्ठेचाळीस तासांपर्यंत थांबता येते. दोन वेगळी तिकिटे असतील, सामान उचलून पुन्हा द्यायचे असेल किंवा विमानतळ बदलायचा असेल, तर पहिला चालत नाही, दुसराच हवा. ज्यांच्याकडे अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा आहे अशांना काही अटींवर सूट मिळते, पण त्या अटी नीट वाचाव्या लागतात. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचे.

आणि परतीचे काय? हा प्रश्न आपांनीच विचारला. जाताना लंडन, येतानाही लंडन, मध्ये सत्तर दिवस. शेवटी आम्ही ब्रिटनचा साधा सहा महिन्यांचा व्हिजिटर व्हिसा काढला, म्हणजे दोन्ही खेपा त्यात बसल्या. महाग पडला. निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात असे सांगितले होते, तेवढेच लागले. बिनव्हिसाच्या बेटावर जायला आपांनी अशा रीतीने व्हिसा काढला, आणि तोही अशा देशाचा की जिथे त्यांना चहासुद्धा प्यायचा नव्हता.

लंडन टाळून अमेरिकेतून जावे असे एका नातेवाइकाने सुचवले. ते तर आगीतून फुफाट्यात. अमेरिकेत विमानतळाच्या आतल्या आत थांबण्याची सोयच नाही. विमान बदलायला उतरलात तरी तुम्ही अमेरिकेत शिरलात असे धरले जाते आणि व्हिसा लागतो. कॅनडामार्गेही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. युरोपातल्या विमानतळांचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि मधूनमधून बदलतात. तेव्हा तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला पासपोर्ट कुठला, मार्ग कुठला आणि तिकिटे किती हे तिन्ही सांगून लेखी उत्तर घ्यावे. पैसे भरल्यावर विचारू नये.

आता बेटाच्या दाराकडे येऊ. व्हिसा नसणे म्हणजे चौकशी नसणे, असा समज आपल्याकडे फार आहे. खरे तर जी चौकशी एरवी वकिलातीत महिनाभर आधी होते, ती इथे उतरल्यावर दोन मिनिटांत, थकलेल्या अवस्थेत, अनोळखी इंग्रजी उच्चारात होते. तिथला अधिकारी 'नाही' म्हणाला तर त्याच विमानाने परत यावे लागते.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण जमैकाचे. तिथेही भारतीयांना व्हिसाशिवाय जाता येते. मे 2024 मध्ये दुबईहून एक चार्टर विमान किंग्स्टनला उतरले. दोनशेहून अधिक प्रवासी, त्यांत भारतीय बरेच. त्यांच्या हॉटेलची आगाऊ नोंदणीही होती. पण हे खरेच पर्यटक आहेत, याबद्दल तिथल्या अधिकाऱ्यांचे समाधान झाले नाही. विमान 2 मे रोजी उतरले आणि 7 मे रोजी सगळ्यांना घेऊन दुबईला परत गेले. त्याआधी डिसेंबर 2023 मध्ये निकाराग्वाकडे निघालेले, 303 भारतीय प्रवासी असलेले विमान फ्रान्समधल्या वात्री विमानतळावर अडवले गेले होते. त्यांतले 276 जण 26 डिसेंबरला मुंबईत परत आले. सोप्या व्हिसाचा देश गाठून तिथून चोरवाटेने अमेरिकेत शिरायचे, ज्याला पंजाब-गुजरातेत 'डंकी' म्हणतात, त्या धंद्याने प्रामाणिक प्रवाशांचेही नुकसान केले आहे. भारतीय पासपोर्ट, बिनव्हिसाचे बेट आणि मोघम उत्तरे, हे तीन एकत्र आले की अधिकाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. त्याला दोष देता येत नाही.

म्हणून आपांची निळी फाइल तयार झाली. शाळेत मुलांच्या परीक्षेचे कागद ठेवायची ती फाइल. पासपोर्ट सहा महिन्यांहून अधिक मुदतीचा होता, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. परतीचे तिकीट छापून घेतले. मोबाइलमध्ये असून भागत नाही, बॅटरी नेमकी तिथेच संपते. भाचीने आणि जावयाने सही केलेले पत्र मागवले. कोण येणार, नाते काय, कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या पत्त्यावर राहणार, खर्च कुणाचा, आणि फोन नंबर. त्याबरोबर जावयाच्या तिथल्या ओळखपत्राची प्रत. आपांच्या पेन्शनच्या बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा. प्रवासाचा आरोग्य विमा. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट. शिवाय बार्बाडोसचा आगमनाचा ऑनलाइन फॉर्म असतो, तो प्रवासाच्या थोडे आधी भरून त्याची छापील पावती.

खरी कसोटी नात्याच्या पुराव्याची लागली. भाची आपांची मुलगी आहे हे कागदावर कसे दाखवायचे? भाचीच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईचे नाव होते, तोच सगळ्यात सरळ पुरावा. पण त्यावर आईच्या नावातले 'खातून' इंग्रजीत दोन 'ओ' घालून लिहिलेले, आणि आपांच्या स्वतःच्या पासपोर्टवर 'यू' घालून. शिवाय आपांच्या पासपोर्टवर 'शेख' पुढच्या नावात आणि आडनावाच्या जागी दुल्हेभाईंचे नाव. ही आपल्या घराघरांतली गोष्ट आहे. रेशनकार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे दोनच अक्षरांत. काही जुन्या पासपोर्टांवर तर आडनावाची जागाच रिकामी. त्या एकेरी नावाच्या पासपोर्टामुळे संयुक्त अरब अमिरातीत व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्यांना 2022 पासून अडचण येऊ लागली, हे आखातात माणसे असलेल्या घरांना ठाऊक असेलच. दुबईत विमान बदलून पुढे जाताना शहरात उतरायचा विचार असेल तर तेही ध्यानात ठेवावे.

पासपोर्ट बदलायला वेळ नव्हता. मग भाचीचा नगरपालिकेचा इंग्रजी जन्मदाखला काढला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतले, आणि तिच्या उर्दू निकाहनाम्याचे इंग्रजी भाषांतर जोडले. तिकिटावरचे नाव मात्र पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवले. पहिल्या तिकिटावर एजंटने 'शेख' आडनावाच्या जागी टाकले होते, हे आम्हाला तेव्हा दिसले. म्हणजे त्या रात्री व्हिसा असता, तरीही आम्ही कदाचित अडकलो असतो. ज्यांच्या घरात पासपोर्टची मुदत एक-दोन वर्षांत संपणार आहे, त्यांनी नूतनीकरणाच्या वेळीच स्पेलिंगचा हा गुंता सोडवून टाकावा. घाईच्या वेळी तो सुटत नाही.

या सगळ्यात आपांची एक टिप्पणी आम्हाला आवडली. आपल्या देशाचे पासपोर्ट छापले जातात ते नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, आपल्या घरापासून अर्ध्या तासावर. शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेला हा छापखाना. टपाल तिकिटे, स्टॅम्पपेपर, व्हिसाचे स्टिकर, सगळे तिथलेच. "जगभर फिरणारे पुस्तक आपल्या गावात तयार होते," आपा म्हणाल्या, "आणि त्यात काय लिहिले आहे हे आपणच वाचत नाही."

दरम्यान बाळाने वाट पाहिली नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आपांचा पासपोर्ट अजून व्हिसा केंद्रातच असताना, भाचीला मुलगी झाली. नाशिक आणि बार्बाडोसच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा फरक आहे. इथे पहाटेचे साडेपाच, तिथे आदल्या रात्रीचे आठ. जावयाने बाळाच्या कानात अजान दिली तेव्हा फोन चालू ठेवला होता. बाहेर आमच्या मशिदीतही फजरची अजान सुरू होती. आपा दोन्ही ऐकत होत्या. सातव्या दिवशी अकीका करायचा होता, तो सासरच्या मंडळींनी एकविसाव्या दिवसापर्यंत पुढे नेला, नानी यावी म्हणून. लोक मोठ्या मनाचे.

बाळ सोळा दिवसांचे असताना आपा पोहोचल्या.

ब्रिजटाऊनच्या काउंटरवर काय झाले ते त्यांनी आम्हाला तीनदा सांगितले आहे. अधिकारी बाई होत्या. पहिला प्रश्न, कशासाठी आलात? आता आमच्या पुतण्याने आपांना इंग्रजीत वाक्य पाठ करून दिले होते, त्यात 'बाळ सांभाळायला' असे होते, 'बेबीसिटिंग'. आम्ही ते खोडून टाकले होते. परक्या देशात 'बेबीसिटिंग' हे काम आहे, पगाराचे काम, आणि बिनव्हिसाच्या प्रवेशात कुठलेही काम करायची परवानगी नसते. आजी नातीला मांडीवर घेते ती नोकरी नव्हे, पण शब्द चुकीचा पडला की दहा प्रश्न वाढतात. आपांनी सरळ सांगितले, माझ्या मुलीला पहिले मूल झाले आहे, मी तिला भेटायला आले, जानेवारीत परत जाणार. मग फाइल पुढे केली. बाईंनी पत्र वाचले, परतीचे तिकीट पाहिले, जन्मदाखला उघडलाच नाही. "आजी झालात, अभिनंदन," म्हणाल्या आणि शिक्का मारला.

त्या शिक्क्याविषयी. नव्वद दिवस ही वरची मर्यादा आहे, हक्क नव्हे. अधिकारी कमी दिवसही देऊ शकतो. म्हणून काउंटर सोडण्याआधी पासपोर्टवर किती दिवस लिहिले आहेत ते बघून घ्यावे, आणि दिवस मोजून घरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला खूण करावी. 'तीन महिने' असे ढोबळ धरू नये. तीन महिने कधी ब्याण्णव दिवसांचे असतात. जास्त राहायची गरज पडली तर मुदत संपण्याआधी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन फी भरून अर्ज करता येतो. मुदत संपल्यावर केलेली धावपळ पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या अर्जात आडवी येते.

सामानाचे दोन अनुभव. लाडू गेले, कारण ते फॉर्मवर लिहिले होते आणि विचारल्यावर उघडून दाखवले. कच्चे बियाणे, रोपे, मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. आमच्या भाभीने दिलेली सुक्या मटणाची पुडी आपांनी नाशिकलाच काढून ठेवली होती. दुसरा अनुभव ऐकून तुम्हाला हसू येईल. भाचीच्या दिरांच्या मुलांसाठी आम्ही मेनरोडवरून मिलिटरी छापाच्या, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या पँटी घेतल्या होत्या. बार्बाडोसमध्ये लष्कराखेरीज कुणालाही तसे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. त्रिनिदाद, जमैका वगैरे बेटांवरही असाच नियम आहे. भाचीने फोनवर विचारले म्हणून कळले. त्या पँटी आता आमच्या घरच्या पोरांच्या अंगावर आहेत.

पैशांचे सोपे आहे. तिथला दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हा भाव ठरलेलाच आहे, आणि अमेरिकन नोटा चालतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका प्रवासाला रोख परकीय चलन तीन हजार अमेरिकन डॉलरपर्यंतच घेता येते, बाकीचे कार्डावर.

तिथे असताना सासरच्यांनी त्रिनिदादला चार दिवस जाऊन येऊ असा बेत काढला. तिथेही भारतीयांना व्हिसा लागत नाही, आणि आपांना जायची फार इच्छा होती. हिंदुस्थानी मजुरांचे पहिले जहाज, फतेह अल रझाक, कलकत्त्याहून निघून 30 मे 1845 रोजी त्रिनिदादला लागले होते. सव्वादोनशेच्या आसपास माणसे. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. निवृत्त शिक्षिकेला ते बंदर बघायचे होते. पण इथे दुसरा नियम आडवा आला, पिवळ्या तापाचा. त्रिनिदाद पिवळ्या तापाच्या यादीत आहे, बार्बाडोस नाही. त्रिनिदादहून आलेल्या प्रवाशाकडे लसीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, मग आयुष्यभर चालतो. पण साठीपुढच्या माणसांना ही लस डॉक्टर विचार करूनच देतात. आपांनी बेत सोडला. तरुणांनी जायचे असेल तर मुंबईतल्या अधिकृत केंद्रातून आधीच लस घेऊन निघावे.

इतर बेटांविषयी थोडक्यात. ग्रेनाडा, डोमिनिका, सेंट व्हिन्सेंट, जमैका यांना भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. बहामा आणि क्यूबाला लागतो. डोमिनिका आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, दोघांचे नियम वेगळे, आणि एका नावाऐवजी दुसऱ्याचे तिकीट काढणारे लोक खरोखर असतात. हे नियम बदलतात, काही बेटांनी आता आधी ऑनलाइन नोंदणीही सुरू केली आहे. तेव्हा आम्ही आज लिहिले म्हणून पुढच्या वर्षी तसेच असेल असे धरू नका. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याने काय म्हटले आहे ते निघण्याआधीच्या आठवड्यात पुन्हा पाहा. आणि जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडे वादळांचा मोसम असतो. परतीचे तिकीट मुदतीच्या शेवटच्या दिवसाचे काढू नका. विश्वचषक जिंकलेली टीमसुद्धा अडकली होती, तुमच्या-आमच्यासाठी कोण खास विमान पाठवणार?

आपा जानेवारीत परत आल्या. सत्तर दिवसांत नातीला तेल लावून, चाळीस दिवसांची आंघोळ घालून, लेकीला अछवानी पाजून. तिथली एक गोष्ट त्या सांगतात. पहिल्या रात्री थकून पोहोचल्या, जानमाज पसरली आणि सवयीने पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. भाचीने हळूच खांद्याला धरून वळवले. बार्बाडोसमधून किब्ला पूर्वेला आहे, किंचित उत्तरेकडे झुकलेला. मक्केच्या पलीकडे जाऊन आलो, हे तेव्हा समजले, असे त्या म्हणतात.

निळी फाइल आता घरी नाही. वडाळ्याच्या एका कुटुंबाची सून त्रिनिदादला आहे, मार्चमध्ये तिच्या सासूबाईंना जायचे आहे. त्यांनी नमुना बघायला म्हणून नेली. आपांनी देताना वरच्या पानावर लाल शाईने एकच ओळ लिहिली, विमान कुठे बदलणार ते आधी सांगा. त्यांच्यानंतर आणखी दोघांनी मागितली आहे.